किडनीच्या रुग्णाचे मासे कोणी बंद केले?

वाशिंदच्या आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, आयुष्य मजुरीत गेलेले. अंगात साखर आणि रक्तदाब मुरलेला, आणि आता किडनी निकामी. आठवड्यातून दोनदा मुलाचा हात धरून पहाटेची लोकल पकडायची, कल्याणकडे जायचे, चार तास मशीनवर पडायचे आणि दुपारी परत यायचे. त्यांच्या घरी तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला अडकवलेला एक छापील कागद आम्ही पाहिला. त्यावर चार ओळी होत्या. पहिली: मांसाहार, मासे-मच्छी, अंडी पूर्ण बंद. दुसरी: हलका सात्त्विक आहार घ्यावा. तिसरी: फळे व हिरव्या भाज्या भरपूर. चौथी: मीठ कमी.

मावशींनी हा कागद धर्मग्रंथासारखा पाळला. ज्या बाईने जन्मभर सुकटीच्या कालवणाशिवाय भाकर खाल्ली नाही, तिने मासळीबाजाराची वाट सोडली. मग त्या काय खात होत्या? भात, डाळीचे पाणी आणि तोंडाला चव नाही म्हणून लोणचे. सोबत भाजलेला पापड. भेटायला येणारे केळी आणि शहाळी आणायचे. कागदावर ‘फळे भरपूर’ लिहिले होते, म्हणून तीही खाल्ली. आठ महिन्यांत दंड काडीसारखे झाले, पाय सुजले, रक्तातले अल्ब्युमिन घसरले. आणि एका रात्री पोटॅशियम इतके वाढले की छाती धडधडायला लागली आणि मशीनवर घेण्यासाठी गाडी करून पळावे लागले.

कागद कोणी दिला हे आम्ही लिहीत नाही, कारण असा कागद एकाच ठिकाणी मिळत नाही. शहापूर-मुरबाड पट्ट्यात फिरताना ‘मच्छी बंद’ हे दोन शब्द आम्ही इतक्या किडनीच्या रुग्णांच्या तोंडून ऐकले आहेत की आता त्यावर जाहीर बोलणे भाग आहे. आम्ही डॉक्टर नाही. समाजशास्त्र शिकलेले आणि वस्तीत काम करणारे कार्यकर्ते आहोत. पण ज्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने कधीच देऊन ठेवले आहे, ते उत्तर आमच्या माणसांपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न मात्र नक्कीच आमचा आहे.

किडनी काय मोजते?

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. किडनी कमजोर झाली की शरीराला पाच गोष्टींचा हिशेब सांभाळता येत नाही: मीठ म्हणजे सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, प्रथिनांपासून तयार होणारा युरियासारखा कचरा, आणि पाणी. मीठ आणि पाणी साचले की सूज येते, रक्तदाब चढतो, दम लागतो. पोटॅशियम वाढले की हृदयाचा ठोका बिघडतो, आणि माणूस झोपेतही जाऊ शकतो. फॉस्फरस वाढत राहिला की अंगाला खाज सुटते, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात.

या पाचांत ‘शाकाहारी’ आणि ‘मांसाहारी’ असा एकही शब्द नाही. किडनीला ताटातला पदार्थ कोणाच्या घरचा आहे हे कळत नाही. तिला फक्त हे पाच आकडे कळतात.

आता मावशींचा कागद पुन्हा वाचा. लोणच्यात मीठ आहे, पापडात मीठ आणि पापडखार आहे. कागद त्यांचे नाव घेत नाही. केळ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आहे. कागद ‘फळे भरपूर’ म्हणतो. पालेभाजी, टोमॅटो, बटाटा यांतही पोटॅशियम आहे. भाजी बारीक चिरून, उकळून, पाणी फेकून द्यावे हे कागद सांगत नाही. पनीर आणि दुधाच्या पदार्थांत फॉस्फरस आहे. ते ‘सात्त्विक’ म्हणून सुटले. जी नाचणी सगळे पौष्टिक म्हणून सांगतात, तिच्यातही पोटॅशियम आणि फॉस्फरस तांदळापेक्षा जास्त आहे. आमच्याकडची तांदळाची भाकरी या बाबतीत उलट सोयीची ठरते, हे किती जणांना माहीत आहे? एवढे सगळे सोडून कागदाने पहिल्या ओळीत बंद काय केले, तर मासे.

‘सात्त्विक’ हा शब्द दवाखान्यात कसा आला?

हा शब्द वैद्यकशास्त्राचा नाही. अन्नाची सात्त्विक, राजस, तामस अशी उतरंड लावणारी जी दृष्टी आहे, तीच माणसांचीही उतरंड लावते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना थेट ताटाकडे बोट दाखवले होते. कोण काय खातो यावरून कोणाला गावाबाहेर ठेवायचे हे ठरले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली, तोवर मराठी पाककृतींच्या कपाटात आपल्या चुलीला जागाच नव्हती. जे पुस्तकात नाही ते आहारतज्ज्ञाच्या शिक्षणात कुठून येणार? आणि जे शिक्षणात नाही ते रुग्णाच्या कागदावर कसे येणार?

कोणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. आम्ही विचारतो, मग शाळेतल्या मुलाच्या अंड्यात काय आले होते? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि द्यायचेच असेल तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. अंड्याचे प्रथिन किती चांगले हे सांगायला नवे संशोधन लागत नाही. तरीही पहिल्यांदा गेले ते अंडेच. हीच सवय दवाखान्यात ‘मच्छी बंद’ या दोन शब्दांत बोलते. त्यामागे द्वेष असतोच असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक वेळा असतो तो अजाणपणा आणि घाई. ज्याच्या घरी मासे शिजत नाहीत, त्याला बोंबील आणि खारा बांगडा यांतला फरक माहीत नसतो, आणि विचारायला वेळ नसतो. ‘बंद’ म्हणायला एक सेकंद लागतो. ‘किती, कोणता, कसा’ हे सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आमच्या माणसाला मिळत नाहीत.

आता आपल्या घरात डोकावू

इथपर्यंत वाचून जे टाळ्या वाजवत असतील त्यांनी थांबावे. कारण पुढचे आपल्यालाच उद्देशून आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांत एक नवीन सूर ऐकू येतो: सुकट-बोंबील आमची संस्कृती आहे, ती सोडा म्हणणारा तो शत्रू. अभिमान असावा. पण किडनीच्या रुग्णापुढे खाऱ्या बांगड्याचे ताट ठेवून अभिमान साजरा करणार असाल, तर तुम्ही त्याला मारत आहात.

आपल्याकडे पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी होते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. म्हणून मे महिन्यात आठवडी बाजारातून सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या, सोडे, खारे मासे भरून ठेवायचे आणि चार महिने त्यावर काढायचे. गरिबाचे ते प्रथिनांचे कोठार आहे. पण किडनीच्या रुग्णासाठी त्यात तीन धोके आहेत.

पहिला मीठ. किडनीच्या रुग्णाने दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे असे सांगतात. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यातच भाकरीतले, भाजीतले, कालवणातले सगळे आले. मीठ लावून वाळवलेल्या शंभर ग्रॅम माशात दहा ग्रॅमहून जास्त मीठ निघू शकते. म्हणजे एका वाटीत दोन दिवसांचा कोटा. दुसरा धोका फॉस्फरस. वाळवल्यावर पाणी उडते आणि बाकी सगळे घट्ट होते. शिवाय सुकट सालासकट आणि बारीक मासे काट्यासकट आपण चावून खातो, आणि फॉस्फरस हाडात असतो. तिसरा धोका प्रमाणाचा. ताज्या माशाचा तुकडा दिसतो, मोजता येतो. सुकटीची चटणी कशी मोजणार? मूठभर सुकटीत ताज्या माशाच्या कितीतरी पट प्रथिने असतात.

यात एक बारकावा आहे. सगळी सुकी मासळी खारवलेली नसते. बोंबील आणि जवळा बहुतेक ठिकाणी मीठ न लावता उन्हात वाळवतात. खारा बांगडा, खारी सुरमई यांना भरपूर मीठ लावतात. म्हणून रुग्णासाठी नियम असा: खारवलेला मासा घरात रुग्णाच्या ताटात येऊच नये. बिनखारा बोंबील कधीमधी, डॉक्टरने रक्ताचा रिपोर्ट पाहून हो म्हटले तर, एखादा तुकडा. तोही गरम पाण्यात भिजवून, उकळून, पहिले पाणी फेकून. उकळून पाणी फेकल्याने मीठ, पोटॅशियम आणि थोडा फॉस्फरस जातो. सगळे जात नाही. त्यामुळे ‘धुतले म्हणजे कितीही चालते’ असे समजू नये.

कोणाला वाटेल आम्ही आपलाच पदार्थ सोडायला सांगतो आहोत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले होते. ते सोडायला लाज हे कारण नव्हते, स्वाभिमान होता. काय सोडायचे आणि का सोडायचे हे आपण कारण समजून ठरवतो तेव्हा सोडण्यातही ताकद असते. खारा मासा आपण किडनीसाठी सोडू. ताजा मासा कोणाच्या सोवळ्यासाठी सोडणार नाही.

मग किती खायचे?

इथे आकड्यांशिवाय गत्यंतर नाही, कारण डायलिसिसच्या आधीचा रुग्ण आणि डायलिसिसवरचा रुग्ण यांचे उत्तर उलटे आहे. आणि नेमके हेच आमच्या माणसाला कोणी सांगत नाही.

किडनी कमजोर आहे पण डायलिसिस सुरू नाही, अशा रुग्णाला प्रथिने मर्यादित ठेवायला सांगतात. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनांचा आकडा देतात. काही तज्ज्ञ त्याहून कमी ठेवतात. पन्नास किलोच्या माणसाला हे चाळीस ग्रॅम झाले. दिवसाची भाकरी-भात आणि एक वाटी डाळ यातून साधारण पंचवीस ग्रॅम येतात. उरतात पंधरा. ताज्या माशाच्या शंभर ग्रॅम मांसात अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे काटे काढून सत्तर-ऐंशी ग्रॅम मासा, तळहाताएवढा एक तुकडा, या हिशेबात बसतो. ज्या दिवशी तो तुकडा खाल्ला त्या दिवशी अंडे नाही, चिकन नाही, डाळही जास्तीची नाही. एवढाच नियम.

डायलिसिस सुरू झाले की गणित फिरते. मशीन कचऱ्याबरोबर शरीराची काही अमिनो आम्लेही काढून टाकते. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनची २०२० ची तत्त्वे डायलिसिसच्या रुग्णाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सांगतात. पन्नास किलोला पन्नास ते साठ ग्रॅम. भात-डाळीतून ते भरून निघणे अवघड आहे, आणि डाळ वाढवत नेली तर तिच्याबरोबर पोटॅशियमही वाढते. इथे ताजा मासा आणि अंड्याचा पांढरा भाग हे पथ्याचे अन्न ठरते. दोन वेळा मिळून माशाचे दोन तुकडे, किंवा एक तुकडा आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग, असा हिशेब बसू शकतो. डायलिसिसच्या रुग्णाचे अल्ब्युमिन खाली जाणे हे धोक्याचे लक्षण मानतात. अशा रुग्णाला ‘मासे पूर्ण बंद’ लिहून देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. मावशींच्या बाबतीत नेमके हेच घडले.

एक गोष्ट आम्ही लपवत नाही. हीच तत्त्वे किडनीच्या रुग्णाने वनस्पतीज अन्न जास्त खावे असेही सांगतात. वनस्पतींतला फॉस्फरस शरीरात कमी शोषला जातो, हे खरे आहे. पण ‘जास्त’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. एका वाक्यातून हवे तेवढे उचलायचे आणि बाकी गाळायचे, ही ग्रंथ वाचायची जुनी रीत आपल्याला ओळखीची आहे.

बाजारात आणि चुलीवर

वाशिंदला समुद्र नाही, पण मासे आहेत. कल्याणकडून बर्फातली मासळी येते, भातसा आणि धरणातले रोहू, कटला, मरळ मिळतात, पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, शेताच्या बांधावर मुठे निघतात. या सगळ्यांना एकच नियम नाही, म्हणून एकेक सांगतो.

पापलेट, रावस, सुरमई, रोहू, मरळ: काटा बाजूला काढून खाता येणारा मासा रुग्णाला बरा. डोके आणि काटे चघळू नयेत. मांदेली आणि वलगणीची बारकी मासळी आपण काट्यासकट खातो. फॉस्फरस वाढलेला असेल तर ती नको. तारली-बांगडा गुणाचे मासे आहेत, पण ज्याला युरिक ॲसिडचा, सांधे सुजण्याचा त्रास आहे त्याने जपून. ताजा बोंबील बराचसा पाणीच असतो, त्यात प्रथिने इतर माशांपेक्षा कमी; पण रवा-मीठ लावून तळला की तो मिठाचा पदार्थ होतो. ताजी कोलंबी सोलून, मोजून चालू शकते. चिंबोरीत मीठ मुळातच माशापेक्षा जास्त, म्हणून ती क्वचित. कवटीतला पिवळा-तपकिरी भाग टाकून द्यावा. तिसऱ्या-कालवे नीट उकळल्याशिवाय कोणीच खाऊ नयेत. किडनीच्या आणि विशेषतः किडनी बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्याला कच्च्या शिंपल्यातला जंतू भारी पडतो.

शिजवताना रुग्णाचा तुकडा मीठ घालण्याआधी वेगळा काढावा. लसूण, आले, हळद, मिरची, कोथिंबीर, लिंबाचे चार थेंब यांनी चव येते. कोकमाच्या आगळात मीठ असते, ते नको. चिंचेचा कोळ, टोमॅटो, नारळाचे वाटण यांनी पोटॅशियम वाढते; रिपोर्टमध्ये ते वाढलेले असेल तर टाळावे. आंबटपणासाठी कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, मुळीच घालू नये. किडनीच्या रुग्णाला ते फळ विषासारखे आहे, त्याने मेंदूवर परिणाम होतो. तव्यावर कमी तेलात भाजलेला तुकडा उत्तम, कारण कालवणाचा रस्सा हे पाणीच आहे. ज्याला दिवसाचे पाणी मोजून सांगितले आहे, त्याच्या हिशेबात वाटीभर रस्साही धरावा लागतो. फॉस्फरसची गोळी दिली असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची असते. जेवणानंतर दोन तासांनी आठवण झाली तर तिचा उपयोग नाही.

आणि हे सगळे करायचे कोणी? बहुतेक घरांत सून किंवा बायको. एकाच चुलीवर दोन स्वयंपाक. म्हणून आमची सूचना अशी की घरातल्या सगळ्यांनीच मीठ कमी करावे. ज्या घरात एकाला साखर-रक्तदाब आहे तिथे पुढचा रुग्ण तयार होतच असतो. बाईचे काम वाचेल आणि पुढची किडनीही वाचेल.

ज्या गोष्टी कोणी सांगत नाही

आमच्या पट्ट्यात साखर उतरावी, सांधे मोकळे व्हावेत म्हणून रोहू-कटल्यासारख्या माशाचे पित्त गिळायचा सल्ला देणारे भेटतात. हे करू नका. अशा माशांच्या पित्ताने चांगली किडनीसुद्धा काही दिवसांत बंद पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि शिजवून त्याचे विष जात नाही.

दुकानातले ‘कमी सोडियमचे मीठ’ रक्तदाबासाठी चांगले म्हणून विकतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. किडनीच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय घेऊ नये. सैंधव म्हणजे वेगळे औषध नाही, तेही मीठच आहे.

पाकिटातल्या गोठवलेल्या कोलंबीला काही वेळा फॉस्फेट लावलेले असते, म्हणजे ती पाणी धरून फुगलेली राहते. हा मिसळलेला फॉस्फरस शरीरात जवळजवळ सगळा शोषला जातो. पाकिटावरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या.

‘उद्या मशीनवर जायचेच आहे, आज खाऊन घेऊ’ असे डायलिसिसवरचे पुष्कळ जण म्हणतात. मशीन चार तासांत दोन दिवसांची चूक पुरी धुऊन काढत नाही. आणि मशीनला जाईपर्यंतच्या रात्रीतच पोटॅशियम घात करते.

आणि अंगदुखीच्या गोळ्या. वीटभट्टीवर, शेतावर, बांधकामावर दिवसभर उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, रात्री दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घ्यायची, हे आमच्या लोकांचे रोजचे आहे. किडनीचा खरा शत्रू मासळीबाजारात कमी आणि इथे जास्त सापडेल.

धम्माच्या नावाने

आपल्यातलेही काही जण म्हणतात, बौद्ध झालो, पंचशील घेतले, मग मासे कशाला? ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे, तो त्याचा शीलाचा निर्णय आहे, आम्ही आदर करतो. पण आजारी माणसाच्या अंथरुणाशी बसून त्याला ‘हे तुझ्या खाण्याचे फळ’ असे ऐकवणे ही करुणा नाही. तथागतांनी दोन टोके टाळायला सांगितली. आमच्या प्रश्नातली दोन टोके म्हणजे ‘सगळे बंद’ आणि ‘काही होत नाही, खा’. मधला मार्ग वजनकाट्यातून आणि रक्ताच्या रिपोर्टातून जातो.

आमची मागणी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च मिळतो. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. चांगले आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी रेशनकार्ड-आधारकार्ड घेऊन चौकशी करावी. पण सरकार मशीनचे पैसे देते आणि रुग्ण घरी जाऊन काय खाईल याची चौकशी कोणी करत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. म्हणून आम्ही मागतो:

एक, जिथे जिथे डायलिसिस होते तिथे आहारतज्ज्ञ असावा आणि त्याने रुग्ण घरी प्रत्यक्ष काय खातो हे आधी विचारावे, मग लिहावे.

दोन, ठाणे ग्रामीणसाठी आहाराचा कागद आमच्या बाजारातल्या नावांनी निघावा. त्यात जवळा, बोंबील, मरळ, मुठे असावेत. काय चालते, किती आणि कसे, हे चित्रांसह असावे, कारण मावशींना वाचता येत नाही.

तीन, तिशीपुढच्या लोकांची साखर-रक्तदाबाची जी तपासणी गावोगाव होते, तिच्यासोबत साखर किंवा रक्तदाब निघालेल्या प्रत्येकाची लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन ही तपासणी दरवर्षी व्हावी. किडनी निम्म्याहून जास्त जाईपर्यंत त्रास जाणवत नाही. त्रास जाणवेल तेव्हा जाऊ म्हणणारा थेट मशीनवर जातो.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर विहारात दर पौर्णिमेला आपण जमतोच. त्या दिवशी वंदनेनंतर अर्धा तास रक्तदाब मोजू, रिपोर्ट वाचून दाखवू, कोणाला कुठे नेायचे ते ठरवू. बाबासाहेब स्वतः मधुमेहाने किती थकले होते हे आपण दर सहा डिसेंबरला आठवतो. आठवण ठेवायची तर अशीही ठेवता येते.

मावशींना आम्ही पुढच्या खेपेला दुसऱ्या ठिकाणच्या आहारतज्ज्ञ ताईंकडे नेले. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “मावशी, तुम्ही आधी काय खायच्या?” मावशी बोलायला लागल्या त्या थांबेनात. केळी, शहाळी, लोणचे, पापड बंद झाले. तव्यावरचा माशाचा तुकडा आणि अंड्याचा पांढरा भाग सुरू झाला. सुकट मात्र ताईंनी बंदच ठेवली, आणि का, तेही समजावले. मावशींनी ते लगेच मान्य केले. भिंतीवरचा जुना कागद त्यांच्या मुलाने काढला आहे. तुमच्याही घरी असा कागद असेल तर तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढेच विचारा: बंद कशासाठी, आणि बंद नाही तर किती? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.

जय भीम!